प्रोसेसर तापतो का, आणि तो बसवावा कसा?

एप्रिल-मे महिना आला की नेवासे आणि परिसरातील झेरॉक्सवाले, ऑनलाइन अर्ज भरून देणारे, फोटो स्टुडिओवाले आणि आडतीवरचे हिशेबनीस यांची एकच तक्रार कानावर येते. सकाळी संगणक नीट चालतो. दुपारी बारानंतर तो रेंगाळू लागतो, आतला पंखा घरघरू लागतो, आणि सात-बारा उताऱ्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी समोर रांग उभी असतानाच पडदा काळा होतो. दहा मिनिटे थांबून बटन दाबले की पुन्हा सुरू! मग कोणी सांगते व्हायरस शिरला, कोणी सांगते प्रोसेसर गेला, नवा घ्या. दुकानदार बिचारा पैसे मोजतो. आमच्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक संगणकांत व्हायरसही नव्हता आणि प्रोसेसरही गेलेला नव्हता. तो फक्त तापला होता.

आमच्या वाचकांत रेडिएटर दुरुस्त करणारे, वेल्डिंगवाले, फ्रिज-एसीचे मिस्त्री, मोटार रिवाइंडिंग करणारे आणि जुने कल्हईवाले बरेच आहेत. त्यांच्या घरातील मुलांना संगणक दुरुस्ती म्हणजे पदवीवाल्यांचे काम वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. उष्णता कोणत्या वाटेने जाते, धातूला धातू कसा टेकवावा, चाकाचे नट कोणत्या क्रमाने आवळावेत, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याला यातले निम्मे काम आधीच येते. उरलेले निम्मे येथे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रोसेसर म्हणजे अतिसूक्ष्म विजेच्या बटनांची वसाहत. ही बटने म्हणजे ट्रान्झिस्टर. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला तेव्हा त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. मार्च १९९३ मध्ये आलेल्या पेंटियममध्ये ते ३१ लाख झाले. पेंटियम घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. आज बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. प्रत्येक बटन सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडते-मिटते आणि दर वेळी किंचित वीज खाते. या विजेचे शेवटी एकच होते : उष्णता. संगणकाने केलेला हिशेब कागदावर छापून निघतो, पण प्रोसेसरने खाल्लेली सगळी वीज गरम हवा होऊन खोलीतच राहते.

१९८१ च्या आय.बी.एम. पर्सनल कॉम्प्युटरमधील प्रोसेसरवर साधा पत्र्याचा तुकडाही नव्हता. त्याची गरजच नव्हती. पहिल्या पेंटियमला ५ व्होल्ट लागत आणि तो सुमारे १५ वॅट उष्णता सोडी. तेथून पुढे प्रोसेसरवर पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. मग कंपन्यांत वेग वाढवण्याची शर्यत लागली आणि २००४ च्या सुमारास पेंटियम ४ शंभर वॅटच्या घरात पोहोचला. तेथे सर्वांचेच हात भाजले. केवळ वेग वाढवत न्यायचा हा रस्ता सोडून एका प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ गाभे घालण्याचा मार्ग धरला गेला. आज कार्यालयीन कामाच्या प्रोसेसरवर बहुधा ६५ वॅटचा आकडा असतो. व्हिडिओ संकलनासाठी घेतलेले महागडे प्रोसेसर पूर्ण भारावर २०० वॅटच्याही पुढे जातात.

६५ वॅट म्हणजे काय मोठेसे, घरातला जुना दिवा ६० वॅटचा असे, असे कोणी म्हणेल. पण ही उष्णता किती जागेतून निघते ते पाहा. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री घेतली तर तिच्या तळव्याचे क्षेत्रफळ साधारण २०० चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमागे ५ वॅट. प्रोसेसरच्या आतला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम दीड-दोन चौरस सेंटीमीटरचा. त्याच्या एका चौरस सेंटीमीटरमागे ३० ते ४० वॅट येतात. इस्त्रीच्या सहा ते आठ पट!

ही उष्णता बाहेर काढायची एक साखळी असते. सिलिकॉनच्या तुकड्यावर धातूचे झाकण, झाकणावर पेस्टचा थर, पेस्टवर हीट सिंक म्हणजे पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, आणि त्यावर पंखा. प्रोसेसरचे ते चकचकीत झाकण पाहून लोकांना स्टील वाटते. ते तांब्याचे असते आणि त्यावर निकेलचा मुलामा असतो. कल्हईच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. तांबे उष्णता झटकन पसरवते, पण उघडे ठेवले की काळवंडते. नेवाशाच्या लाडमोड टेकडीत डॉ. सांकळियांच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे मणी निघाले होते. तोच धातू आज येथल्या प्रत्येक टेबलाखाली आहे, एवढे सांगून पुढे जाऊ.

पेस्ट कशासाठी? झाकण आणि हीट सिंक दोन्ही आरशासारखे सपाट दिसत असले तरी त्यांच्यावर बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात हवा तांब्याच्या सुमारे पंधरा हजार पटींनी मागे आहे. ही अडकलेली हवा हटवणे, एवढेच पेस्टचे काम. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, परंतु तांब्यापुढे तीही फार कच्ची. म्हणून तिचा थर जितका पातळ तितका बरा. श्रीखंडासारखी पेस्ट थापणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. ते स्वतःच्या हाताने भिंत बांधतात. झाकणाच्या मध्यभागी वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा ठिपका ठेवावा, हीट सिंकच्या दाबाने तो आपोआप पसरतो. दोन-चार वर्षांत पेस्ट सुकून खडूसारखी होते. मग ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसून नवी लावायची. जुन्यावर नवी लावू नये.

आता उन्हाळ्याचा हिशेब. पंखा आणि हीट सिंक प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. ते फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक आटोक्यात ठेवतात. समजा, डिसेंबरात खोली २५ अंशांवर असताना भरपूर कामात प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो. फरक ४० अंशांचा. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात ४२ अंश झाले की तोच प्रोसेसर तेच काम करताना ८२ वर जातो. पुष्कळ प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजे हाती उरले अवघे तेरा ते अठरा अंश. सुकलेली पेस्ट आणि पात्यांतली धूळ मिळून ते सहज खाऊन टाकतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरी भागले नाही तर यंत्र बंद करतो. दुपारचे रेंगाळणे आणि काळा पडदा यांचा उलगडा हा असा आहे.

पूर्वी ही सोय सरसकट नव्हती. २००१ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू संगणकातील हीट सिंक उचलला, तेव्हा त्या काळातला ए.एम.डी.चा अॅथलॉन काही क्षणांत जळून गेला आणि पेंटियम ४ वेग कमी करून वाचला. आता सर्वांतच हे संरक्षण आहे. म्हणूनच प्रोसेसर उष्णतेने मेला असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर आधी त्याला हीट सिंक काढून दाखवायला सांगावे.

धुळीचे आमच्या भागात प्रकार अनेक. घोडेगावच्या कांदा बाजारात आडतीवरचा संगणक उघडला तर पंख्याच्या मागे पातींचा पापुद्राच निघतो. रस्त्यालगतच्या गाळ्यात मातीची भुकटी, शिवणकाम शेजारी असेल तर कापसाची वात. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसला की इंजिन तापते, तेच येथे घडते. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने पाती साफ करावीत. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. ओले फडके आत नेऊ नये. आणखी एक : पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर सोडण्याची सवय पुष्कळांना आहे. दमट हवा आणि क्षारयुक्त तुषार आत जाऊन बोर्डाला गंज चढतो. कूलर माणसासाठी असावा, संगणकाला मोकळी हवा आणि भिंतीपासून वीतभर अंतर पुरे.

पाण्याने थंड करणारी यंत्रे असतात, नाही असे नाही. पुण्यातील आयसर संस्थेत बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकासाठी प्रोसेसरला थेट भिडणाऱ्या नळ्यांतून द्रव फिरवण्याची पद्धत वापरली गेली. तेथे हजारो गाभे एका खोलीत चालतात. आपल्या दुकानात अर्ज भरणाऱ्या ६५ वॅटच्या संगणकाला असले काही विकणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे.

प्रोसेसर बसवण्याचे काम मात्र जपून. यात आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. काही वर्षांपूर्वी अक्षरजुळणीच्या संगणकात आम्ही मोठ्या उत्साहाने नवा प्रोसेसर बसवायला घेतला. उजेड कमी, घाई फार. प्रोसेसर बोटांतून तिरपा सुटला आणि सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांवर पडला. पाच-सहा पिना वाकल्या. सुईने सरळ करताना एक तुटली. प्रोसेसर शाबूत, मदरबोर्ड गेला! नगर असो की संभाजीनगर, सुट्या भागासाठी तास-सव्वा तास जाणे आणि तेवढेच परत येणे. एक दिवस गेला, वर बोर्डाचे पैसे.

तेव्हा शिकलेली गोष्ट ही. इंटेलच्या २००४ नंतरच्या टेबलावरच्या संगणकांत पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला फक्त सपाट ठिपके. ए.एम.डी.मध्ये एएम-४ पर्यंत पिना प्रोसेसरला होत्या, २०२२ च्या एएम-५ पासून त्याही बोर्डावर गेल्या. आधी धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली वीज उतरवावी. कोरड्या उन्हाळ्यात टेरिकॉटचा सदरा घालून खुर्चीवरून उठले तरी ती साठते. सॉकेटची दांडी उघडावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा, कडा धरून सरळ खाली ठेवावा आणि बोट काढून घ्यावे. दाबायचे नाही. बरोबर बसला तर तो स्वतःच्या वजनाने बसतो. मग दांडी लावावी. इंटेलच्या सॉकेटमध्ये दांडी दाबताना जोर लागतो आणि करकर आवाज येतो, त्याने घाबरू नये.

हीट सिंकच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेले असेल तर ते काढावे. हसू येईल, पण तसेच बसवलेले यंत्र आमच्याकडे आले आहे. स्क्रू आवळताना गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे, थोडे थोडे. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याच्या चार खुंट्याही तशाच तिरप्या क्रमाने दाबाव्यात आणि बोर्डाच्या मागून चारही बाहेर आल्या का ते पाहावे. एक सैल राहिली की एका बाजूला फट. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावावी. एएम-४ चा हीट सिंक काढताना यंत्र आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग बंद करून, वायर काढून, हलके पिळत काढावा. सरळ वर ओढला तर कुलूपबंद सॉकेटमधूनही प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

खरेदीत फसवणूक होते ती नावात. 'आय-७ आहे' एवढे सांगून जुनी यंत्रे विकली जातात. पुढचा आकडा विचारावा. आय-७-७७०० म्हणजे सातवी पिढी, आय-५-१२४०० म्हणजे बारावी. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या दोन्ही जोड्यांच्या सॉकेटचे नाव एल.जी.ए. ११५१ च. प्रोसेसर आत बसतोही, पण एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. बारावी ते चौदावी एल.जी.ए. १७०० वर बसतात, परंतु बोर्ड जुना असेल तर आधी त्याचे बायोस नवे करून घ्यावे लागते.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीचा बोर्ड असलेल्या गिऱ्हाइकाला त्याच सॉकेटचा 'मोठा' प्रोसेसर घालून देणे म्हणजे त्याचे पैसे पाण्यात. अशा यंत्राची धूळ काढावी, पेस्ट बदलावी, आणि नव्या प्रोसेसरचे पैसे पुढच्या यंत्रासाठी राखून ठेवायला सांगावे. काम करण्यापूर्वी आणि केल्यानंतर भरपूर भारावर प्रोसेसर किती अंशांवर जातो, हे दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ते दोन आकडे आणि त्या वेळचे खोलीचे तापमान पावतीवर लिहून द्यावे. गिऱ्हाइकाला त्याने दिलेले पैसे कशाचे हे कळते आणि पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन तो पुन्हा आपल्याच दुकानात येतो.