कासवाच्या पोटातून आलेला पिवळा टोमॅटो

'टोमॅटोची उत्क्रांती उलटी फिरली' ही बातमी २०२५ च्या जूनमध्ये जगभर फिरली. मथळा वाचला सगळ्यांनी. पण तो टोमॅटो कोणता, कसा दिसतो, कुठे वाढतो, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. तो आहे प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवरचा रानटोमॅटो. फळ जेमतेम चणीबोराएवढं. पिकल्यावर लाल होत नाही, पिवळं किंवा नारिंगी होतं. लाव्हाच्या काळ्या कातळावर पसरलेल्या वेलीवर हे पिवळे मणी फार उठून दिसतात. अमेरिका-युरोपातले काही हौशी बागकाम करणारे तो परसात आणि कुंड्यांतही लावतात. बातमीपेक्षा या रोपाची हकिकत कितीतरी मोठी आहे.

आधी बातमीचा निकाल लावू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या ॲडम जोझविआक यांच्या गटानं या बेटांवरच्या रोपांमधली अल्कलॉइडं तपासली. किडीला दूर ठेवणारी ही कडवट रसायनं टोमॅटो, बटाटा, वांगं या सगळ्या कुळात असतात. पूर्वेकडच्या जुन्या बेटांवरच्या रोपांत आजच्या टोमॅटोसारखीच अल्कलॉइडं निघाली. पश्चिमेकडची बेटं वयानं लहान, ओसाड आणि खडकाळ. तिथल्या रोपांत मात्र वांग्याच्या धाटणीची, म्हणजे टोमॅटोच्या पूर्वजांत असावीत अशी रसायनं सापडली. फरक कशानं पडला? एका विकराच्या साखळीतली फक्त चार अमिनो आम्लं बदलल्यानं.

शोध सुंदर आहे, यात शंका नाही. 'उलटी उत्क्रांती' हा शब्द मात्र पटत नाही. रोपाला मागचं-पुढचं काही कळत नाही. ज्या कातळावर ते उभं आहे तिथे जे रसायन टिकाव धरायला उपयोगी पडतं, ते तगून राहतं. आणि टोमॅटोत वांगं दिसलं म्हणून मराठी माणसानं तरी दचकू नये. वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात, पण त्याचं आणखी एक जुनं मराठी नाव आहे वेलवांगी. रसायनशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी ही भाऊबंदकी ओळखली होती.

या टोमॅटोला जगाच्या नजरेत आणणारा खरा माणूस मात्र बातम्यांत कुठेच नव्हता. चार्ल्स रिक. जन्म १९१५ चा, पेनसिल्व्हेनियातला. हयात गेली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये, टोमॅटोच्या मागे. डोक्यावर जुनी, कडा लोंबणारी टोपी, बुडाखाली सायकल, अशी त्याची मूर्ती तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरदऱ्यांतून आणि बेटांवरून त्यानं रानटोमॅटोचं बी गोळा केलं. डेव्हिसची बीजपेढी आज त्याच्याच नावानं चालते.

गालापागोसचं बी त्यानं डेव्हिसला आणून पेरलं, आणि ते उगवेना. टोमॅटोचं बी न उगवणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे खरकट्या पाण्यातून, उकिरड्यावर, मोरीच्या कडेलाही टोमॅटो उगवतो. हे बी मात्र दगडासारखं पडून राही. त्याचं टरफलच इतकं चिवट होतं की आतला कोंब बाहेर येऊ शकत नव्हता. रिकनं विचार केला, बेटावर तर हे उगवतंच आहे. मग तिथे असं कोण आहे जे इथे नाही?

उत्तर होतं, महाकाय कासव.

डार्विनच्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट बोमनची त्याला साथ मिळाली. कासवांना फळं खाऊ घालायची, त्यांची विष्ठा जमवायची, त्यातून बी निवडायचं आणि पेरायचं, असा प्रयोग सुरू झाला. कासवाचं पचन संथ. बी पोटातून बाहेर यायला एक ते तीन आठवडे लागत. पण बाहेर आलेलं बी भराभर उगवलं. १९६१ साली दोघांनी हा निबंध प्रसिद्ध केला. कासव एवढे दिवस बी पोटात घेऊन हळूहळू चालत असतं, म्हणजे तेच या टोमॅटोची पेरणी करत असणार, हा त्यातला तर्क. एवढ्या साध्या प्रश्नातून एवढं स्वच्छ उत्तर काढणारे प्रयोग विज्ञानात थोडेच आहेत.

रिकची दुसरी कमाई जास्त किमतीची ठरली. नेहमीच्या टोमॅटोच्या देठाला मध्येच एक सांधा असतो. फळ ओढलं की देठ तिथेच तुटतो आणि हिरवी टोपी फळाबरोबर येते. गालापागोसच्या काही रोपांत हा सांधाच नसतो. फळ मोकळं निघतं, देठ आणि टोपी वेलीवर राहतात. यंत्रानं तोडणी करणाऱ्यांना हेच हवं होतं, कारण ढिगात देठाचं टोक शेजारच्या फळाला भोसकतं. सॉस-प्युरीसाठी यंत्रानं काढल्या जाणाऱ्या टोमॅटोंमध्ये हा गुण उतरवला गेला. प्युरीचा डबा उघडताना या पिवळ्या मण्याची आठवण कुणाला येत नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

मिठाचा किस्साही रिकच्याच बियांतून निघाला. गालापागोसमधल्याच इसाबेला बेटावर भरतीरेषेपासून काही पावलांवर वाढणारी रोपं त्याला आढळली होती. त्याच डेव्हिसमधल्या एमॅन्युएल एप्स्टाइन आणि रश यांनी १९७६ मध्ये दाखवलं की ही रोपं समुद्राइतक्या खारट पाण्यातही जीव धरून राहतात, तर लागवडीचा टोमॅटो निम्म्या खारटपणापुढे टिकत नाही. कोकणातल्या खार जमिनीकडे पाहणाऱ्याच्या मनात इथे आशा जागी होईल. पण मीठ सोसण्याचा गुण एका जनुकात नसतो, अनेकांत विखुरलेला असतो. बिनसांध्याचा देठ लाल टोमॅटोत उतरला, तितक्या सहज हा उतरलेला नाही.

नावाचीही एक गोष्ट आहे. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ इव्हलिन चीझमन १९२४ मध्ये या बेटांवर गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी या टोमॅटोला त्यांचं नाव मिळालं, पण लॅटिन शेवट लावला पुरुषाचा. चूक पुढे दुरुस्त झाली. खुद्द डार्विननं १८३५ मध्ये या बेटांवरून टोमॅटोचे नमुने नेले होते, आणि २००३ साली बेटांवरच्या टोमॅटोंची नीट फोड करून दोन जाती वेगळ्या दाखवणाऱ्या संशोधकांत होत्या सारा डार्विन, त्याच्याच घराण्यातल्या, खापरपणतीच्या पिढीतल्या.

आता रंग. बाजारात कधीमधी दिसणारा पिवळा टोमॅटो आणि हा, यांचा पिवळेपणा एक नव्हे. बाजारच्या पिवळ्या जातीत रंगद्रव्य बनवणारं एक जनुकच नादुरुस्त असतं. लाल लायकोपिन तयारच होत नाही आणि सालीतला पिवळा रंग तेवढा दिसतो. गालापागोसच्या नारिंगी फळात कारखाना चालू असतो, पण लायकोपिन तिथे न थांबता पुढे बीटा-कॅरोटिनमध्ये बदलतं, म्हणजे गाजराच्या रंगात. पिवळा रंग टोमॅटोला तसा नवा नाहीच. वनस्पतींचा अभ्यासक मातिओली यानं १५४४ मध्ये इटलीत टोमॅटोचं वर्णन केलं तेव्हा पिकून सोनेरी होणाऱ्या फळाचा उल्लेख केला. इटालियन माणूस आजही त्याला सोन्याचं फळच म्हणतो.

ज्यांनी गालापागोसचा हा रानटोमॅटो लावला आहे, त्यांना कासवाचं काम स्वतः करावं लागतं. घरगुती ब्लीच निम्मं पाणी घालून पातळ करायचं, बी त्यात साधारण अर्धा तास ठेवायचं आणि वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवायचं, ही डेव्हिसमध्ये रुळलेली रीत. टरफल मऊ पडतं, बियांवरचे रोगजंतूही जातात. मग नेहमीसारखं ट्रेमध्ये पेरायचं. माती निचऱ्याची हवी, कारण हे मूळचं कातळावरचं रोप आहे. ते काठीला धरून सरळ उभं राहत नाही, कुंडीच्या कडेवरून खाली पसरतं. मोठी फळं मिळतील ही अपेक्षा ठेवू नये. या जातीच्या केसाळ, बारीक चिरलेल्या पानांच्या भावंडाची पानं हाताला चिकटतात आणि त्यांना उग्र वास येतो. हा चिकटा म्हणजे दोष नव्हे. त्यामुळे पांढरी माशी तिथे टिकत नाही, आणि पांढरी माशी म्हणजेच बोकड्या रोगाची वाहक. म्हणूनच ही चिकट पानं रोपपैदास करणाऱ्यांना आज हवीशी झाली आहेत. फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी सहसा शुद्ध राहतं.

महाराष्ट्रातल्या गच्चीवर हे रोप आणावं का? परदेशातून पाकिटात बी मागवण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बी देशात आणता येत नाही. टोमॅटोचे काही विषाणू बियांवरूनच पसरतात, म्हणून हा नियम जाचक नाही, रास्त आहे. शिवाय गालापागोसवर याच्या उलट दुखणं चालू आहे. माणसानं नेलेला बाहेरचा टोमॅटो तिथे रानात घुसला आहे आणि मूळच्या पिवळ्याशी त्याचा संकर होतो आहे. शेळ्यांनीही तिथली हिरवळ फार फस्त केली. इसाबेलाच्या उत्तर भागातून त्या हटवायला मोठी मोहीम काढावी लागली. बाजारचा पिवळा चेरी टोमॅटो मात्र गच्चीवर खुशाल लावावा. त्याला ब्लीच नको, कासवही नको. फळ पिकलं की तोडून पाहावं. देठाच्या मध्यावर फुगीर गाठ दिसते, नख लावलं की तिथेच मोडते. रिकच्या पिवळ्या मण्यात नेमकी तीच गाठ नव्हती.