मान टाकणारी गिटार
वाद्यांची डागडुजी : लेखांक ९

मागच्या लेखात तारांची उंची कशी बसवायची ते पाहिलं. तो छापून आल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या कोपरमधला एक मुलगा पाठीवर बेस गिटार घेऊन दारात उभा राहिला. वय असेल एकोणीस-वीस. आयरे, भोपर, कोपरगाव, मोठागाव या भागांत लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम होतात, त्यांत तो ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतो. संध्याकाळी सातला जे उभं राहायचं ते दहापर्यंत. "काका, तारा खाली घेतल्या तरी डावं मनगट दुखतंच," तो म्हणाला. आपला रियाजच चुकतोय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मी त्याला पट्टा गळ्यात अडकवून उभं राहायला सांगितलं आणि म्हटलं, "आता डावा हात सोड." त्याने सोडला. गिटारचं डोकं थेट गुडघ्याकडे गेलं आणि बुडाची बाजू वर येऊन त्याच्या कोपराला लागली. त्याने घाईघाईने मान पुन्हा पकडली. त्याचं दुखणं या पकडीतच होतं. जो हात तारा दाबायला मोकळा हवा, तो तीन-तीन तास गिटार उचलून धरत होता.

पाणी न मिळालेलं रोप मान टाकतं, तशी ही गिटार मान टाकते. दुकानात हा दोष सहसा दिसत नाही. तिथे आपण स्टुलावर बसून वाजवून बघतो, गिटारच्या कमरेची खाच मांडीवर टेकलेली असते आणि भार मांडी घेते. शिवाय घेणारा गिटार हातात तोलून बघतो आणि हलकी आहे म्हणून खूश होतो. गिटारचं अंग हलक्या लाकडाचं असेल, पण मान तीच मेपलची, आत पोलादी सळई असलेली आणि टोकाला चार जाड खुंट्या असलेली असेल, तर मान टाकण्याचा धोका उलट वाढतो. एकूण वजन किती, याला इथे फारसं महत्त्व नाही. ते वजन कुठे आहे आणि पट्टा ते कुठून पेलतो, हे पाहायचं.

जुन्या लोकांना कावड आठवेल. कावडीचे दोन्ही घडे दरवेळी सारखे भरलेले असतीलच असं नाही. एक घडा जड असला तर कावडवाला पाणी ओतून देत नाही. तो खांदा दांडीवर जड घड्याच्या बाजूला सरकवतो. गिटारच्या पट्ट्याचं गणित हेच आहे, फक्त इथे खांदा सरकवून भागत नाही, कारण पट्टा दोन बटणांना जखडलेला असतो. एक बटण बुडाला, दुसरं मानेच्या बाजूला. गिटारचा गुरुत्वमध्य या दोन बटणांच्या बऱ्यापैकी मधे असला तर गिटार शांत लटकते. तो पुढच्या बटणाच्या जवळ जाऊ लागला की डोकं जड वाटू लागतं. बटणाच्याही पुढे मानेकडे गेला, तर हात सोडताच मान खाली जाणार.

बेस गिटारच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण तिची मान लांब. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली. आजही बहुतेक बेस गिटारींना तेच माप असतं. इतकी लांब मान उभ्याने पेलायची, तर पुढचं बटण मागे राहून चालणार नव्हतं. म्हणून त्या गिटारच्या अंगाचं वरचं शिंग मुद्दाम लांब काढलं गेलं, पार बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचेल इतकं. पुढे स्ट्रॅटोकास्टर गिटारलाही तेच शिंग मिळालं. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण ते शिंग म्हणजे कावडीखाली सरकवलेला खांदा आहे.

गिब्सनने १९६० च्या दशकात दोन आखूड शिंगांच्या अंगाचे ईबी-३ सारखे बेस काढले. जॅक ब्रूसने क्रीम या बँडमध्ये वाजवलेला बेस तो हाच. त्यात पुढचं बटण शिंगावर नसून मान अंगाला मिळते तिथे, मागच्या बाजूला असतं. गिब्सनच्याच १९६३ च्या थंडरबर्ड बेसचंही बटण असंच मागे. आवाज दोघांचेही देखणे, पण मान टाकण्यासाठी दोन्ही घराणी प्रसिद्ध आहेत. पुढे १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी थेट गिटारचं डोकंच काढून टाकलं आणि खुंट्या बुडाला नेल्या. आमच्या मुलाच्या हातातली गिटार आखूड शिंगांच्या घराण्याची नक्कल होती. जुन्या बाजारात घेतलेली, बटण मानेच्या सांध्यावर.

आता तपासणी. पलंगावर लाटणं आडवं ठेवा, त्यावर फडकं गुंडाळा आणि गिटार पाठीवर झोपवून त्यावर पुढे-मागे सरकवत राहा. जिथे ती कुठेही न कलता तरंगते, तिथे गुरुत्वमध्य. कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. मग ती खूण आणि पुढचं बटण यांच्यातलं अंतर बघा. या गिटारवर खूण बटणाच्या जवळपास वरच आली. पट्टा घालून उभं राहिल्यावर खांद्याची रेघ, म्हणजे पट्टा जिथे खांद्यावर टेकतो तिथून सरळ खाली येणारी रेघ, त्या खुणेच्या उजवीकडे पाच सेंटिमीटर पडत होती.

पाच सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. हिशोब करून बघू. गिटार चार किलोची. चार गुणिले पाच, म्हणजे वीस एकक ओढ मान खाली नेते आहे. डावा हात पहिल्या फ्रेटपाशी, खांद्याच्या रेघेपासून साधारण पन्नास सेंटिमीटरवर. वीस भागिले पन्नास, म्हणजे ४०० ग्रॅम. तीन तास मनगट वाकवून बोटांच्या बेचक्यात ४०० ग्रॅम तोलायचे आणि वर सूर दाबायचे. दुखणार नाही तर काय होईल? "तारा सैल केल्या तर फरक पडेल का?" त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता, पण उत्तर नाही असंच आहे. तारेची ओढ गिटारच्या आतल्या आत असते. ती मान वाकवते, गिटार फिरवत नाही.

मागे किती वजन टाकलं तर गिटार सरळ राहील, हे पाहायला मी मागच्या बटणाला कापडी पिशवी बांधली आणि तिच्यात तूरडाळ ओतत गेलो. गिटार आडवी व्हायला पावणेसहाशे ग्रॅम डाळ लागली. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्यात जे भरीचं वजन टाकतात, त्याला आपण पासंग म्हणतो. 'पासंगालाही पुरणार नाही' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हा पासंग बघून मुलगा खूश झाला. म्हणाला, "मग तेवढं शिसं आत बसवून टाकू या." आपल्या खाडीकाठी पाग टाकणाऱ्यांच्या जाळ्याला कडेने शिसं असतंच, मिळायला अवघड नाही.

मी नको म्हटलं. चार किलोची गिटार साडेचार किलोच्या वर जाणार आणि तो भार खांदा, पाठ, मान यांनी पेलायचा. मनगटाचं दुखणं खांद्यावर ढकलायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पासंग हा माझ्या लेखी शेवटचा उपाय. घालायचाच असेल तर बुडाकडच्या झाकणाखाली, चिकटपट्टीत पूर्ण गुंडाळून आणि आतल्या वायरींच्या जोडण्यांपासून दूर घाला, नाहीतर आवाज बंद पडेल. शिसं उघड्या हाताने हाताळलं तर हात साबणाने धुवा. ते घरात वितळवू तर मुळीच नका, त्याची वाफ विषारी असते.

पासंगाआधी पट्टा बघावा. त्याच्याकडे गुळगुळीत नायलॉनचा पट्टा होता. घामेजल्या शर्टावरून तो साबणासारखा सरकत होता. त्याऐवजी आतून खरखरीत असलेला, उलट्या चामड्याचा रुंद पट्टा घ्या. रुंदीने पकड वाढते असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं. पकड येते ती खरखरीतपणामुळे. रुंदीमुळे भार खांद्यावर पसरतो आणि पट्टा रुतत नाही. ओढ थोडी असेल तर एवढ्यावरच काम होतं.

थोडी नसेल तर पुढचं बटण हलवायचं. माझा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच, कारण यात एक ग्रॅमही वाढत नाही. सांध्यावरचं बटण काढून वरच्या शिंगाच्या टोकाला न्यायचं. शिंग फारच आखूड असेल, तर बटणाच्या जागी धातूची किंवा लाकडाची छोटी पट्टी बसवून बटण पुढे नेता येतं. भोक पाडण्याआधी शिंगाच्या टोकाला लाकूड किती जाड आहे ते बघा. स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक बिटाने सरळ भोक घ्या. आट्यांना साबण चोळून मग स्क्रू पिळा, म्हणजे लाकूड तडकत नाही. सुतार हे न सांगता करतात. जुन्या भोकात बांबूची काडी फेव्हिकॉल लावून ठोका आणि दुसऱ्या दिवशी छाटा. हात थरथरत असेल तर सरळ सुताराकडे जा. यात कमीपणा नाही.

भोकच पाडायचं नसेल, तर पट्ट्याचं पुढचं टोक दोरीने खुंट्यांच्या खाली, डोक्यापाशी बांधता येतं, साध्या गिटारला बांधतात तसं. मान पडत नाही, पण डाव्या हाताला अडचण होते. मला ते आवडत नाही.

खुंट्यांचा उपाय मात्र कौतुकाचा आहे. खुंट्या गिटारच्या अगदी टोकाला, खांद्याच्या रेघेपासून सुमारे पासष्ट सेंटिमीटरवर असतात. तिथला एक-एक ग्रॅम मागच्या जवळजवळ दोन ग्रॅमच्या तोडीचा. प्रत्येक खुंटीत ४० ग्रॅम कमी झाले तरी चारांत १६० ग्रॅम गेले, म्हणजे मागे ३०० ग्रॅम टाकल्यासारखंच. बेससाठी खास हलक्या धातूच्या खुंट्या मिळतात. घेताना जुन्या खुंट्यांच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूच्या जागा मोजून जा. एकच अडचण, त्या स्वस्त नसतात आणि या मुलाला एका हळदीचे मिळतात ते पैसे मला ठाऊक आहेत.

इथे थोडं विषयांतर करतो. सतारीची दांडीसुद्धा लांब आणि तिलाही टोकाकडे खुंट्या. पण चांगला शिक्षक पहिल्या दिवशीच सांगतो की डाव्या हाताने दांडी उचलायची नाही. उजव्या हाताची कोपराखालची बाजू भोपळ्यावर टेकवायची आणि तिच्याच भाराने दांडी वर धरायची. वादकाचा हातच पासंग होतो, आणि डावा हात पडद्यांवरून मोकळा फिरतो. मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडवणारी घरं आहेत. पूर्वी शस्त्रं घडवणारे हात तिथे वाद्यांकडे वळले. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे भोपळा निवडताना आवाजाबरोबर आकारही बघतात, कारण तो मांडीत आणि हाताखाली नीट बसला पाहिजे. वारीतल्या वीणेकऱ्याची वीणासुद्धा गळ्यात अडकवलेली असते, पण दांडी उभी, खांद्याला टेकलेली. भार जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून तासन्‌तास उभं राहूनही ती कुठे कलत नाही.

बेसवालेही नकळत उजवा हात गिटारच्या कडेवर दाबून धरतात. सतारीला ते चालतं, कारण वादक बसलेला असतो आणि खाली पाय-मांडीचा आधार असतो. उभ्याने चार किलोची गिटार हाताने दाबून ठेवली तर खांदा आखडतो, मनगट मुडपतं आणि तारा छेडणारी बोटं मंदावतात. तेव्हा हा सतारीचा धडा बेसला तसाच्या तसा लावू नका. त्यातलं घ्यायचं ते इतकंच की डावा हात मोकळा हवा.

आमच्या गिटारचं बटण शिंगाच्या टोकाला नेलं. खांद्याची रेघ साडेचार सेंटिमीटरने डावीकडे सरकली. चामड्याचा पट्टा आला. पुन्हा पिशवी बांधून पाहिली, तर १०० ग्रॅम डाळसुद्धा जास्त होत होती. खुंट्या आहेत त्याच ठेवल्या, शिसं घातलं नाही. हात सोडला की डोकं किंचित खाली जाऊन थांबतं, आणि तेवढं पट्ट्याची पकड सांभाळते.

तरी पहिल्या दिवशी त्याला वाजवताच येईना. दोन वर्षांच्या सवयीने डावा हात मान वर उचलत होता, आणि आता खाली ओढणारं काही नसल्यामुळे डोकं कानापर्यंत वर जात होतं. मी त्याला एक काम दिलंय. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं उभं राहायचं, डावा हात खिशात घालायचा आणि चार मोकळ्या तारा एकेक करून ठेक्यात वाजवायच्या. हात बाहेर काढायचा तो फक्त सूर दाबायला. महिनाभरात मनगट शांत झालं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही ठरलंय. काल गेलो तेव्हा तो गॅलरीत उभा होता, हात खिशात, आणि खालून दिवा-वसईची गाडी जात होती.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात ढोलकीची पानं का उतरतात.