ऊस नोंदीची नवी संगणक प्रणाली : आधी गरजांची नोंद

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या शेती विभागासाठी ऊस नोंद व तोडणी कार्यक्रमाची नवी संगणक प्रणाली करून घ्यायची आहे. "मग करा की सुरू, वाट कसली बघताय?" असे बरेच सभासद विचारतात. त्याचे उत्तर मागच्या प्रणालीत आहे.

ती घेताना आम्ही कुणालाच काही विचारले नाही. तीत एका गट नंबराला लागण तारखेचा एकच रकाना होता. एका सभासदाच्या एकाच गटात एक एकर जुलैची आडसाली व एक एकर पुढच्या जानेवारीची सुरू लागण होती. यंत्राने दोन्ही एकर सुरूत धरले. सोळा-अठरा महिन्यांत जायचा आडसाली ऊस एकोणीस महिने उभा राहिला. तुरा आला, कांडी पोकळ पडली, वजन घटले. यंत्राने सांगितले तेच केले. सांगताना चुकलो ते आम्ही.

म्हणून या खेपेस आराखड्याआधी गरजा गोळा करून त्या पारखायच्या आहेत. संगणकतज्ज्ञ बॅरी बोहेम यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडले, की चूक जितकी उशिरा सापडते तितकी ती दुरुस्त करणे महाग पडते. कागदावरचा रकाना खोडरबराने बदलतो. हंगाम सुरू झाल्यावर तो बदलणे म्हणजे भरल्या गाडीचे चाक काढणे.

पहिले काम विचारण्याचे. सभासद, चिटबॉय, टोळीचा मुकादम, काट्यावरचा कारकून, सर्वांना विचारायचे. पण नुसते विचारून भागत नाही, बांधावर जाऊन पाहावे लागते. चिटबॉयच्या डायरीत "ओढ्याकाठचा तुकडा, ओल असता गाडी निघत नाही" अशा खुणा असतात. त्याच्या अंगवळणी पडल्याने तो त्या सांगत नाही.

दुसरे काम मोघम बोलणे नेमके करण्याचे. "तोड लवकर कळावी" म्हणजे किती दिवस आधी? कुणाच्या फोनवर? शेत आईच्या नावावर, फोन मुलाचा, मुलगा पुण्याला. मग निरोप कुणाला?

तिसरे काम सर्वांत अवघड. सभासदाला तोड लवकर हवी, आम्हाला ऊस पक्व हवा, वाहतूकदाराला लगतची शेते एका दमात हवीत. या तिन्ही मागण्या रास्त आहेत, पण एकमेकींच्या आड येतात. त्यातली आधी कोणती, हे यंत्र ठरवणार नाही. ते आपणच ठरवून लिहून द्यायचे.

हे सर्व साध्या मराठीत लिहून गटवार बैठकीत वाचून दाखवू, हरकती घेऊ, आणि मगच आराखड्याला हात घालू.

तेव्हा बैठकीला येताना एवढे आणा: आपल्या गटातल्या प्रत्येक तुकड्याची लागण तारीख व जात, खोडवा असल्यास मागील तोडीची तारीख, निरोपाचा खरा फोन नंबर, आणि मागच्या हंगामातील आपली तक्रार. तक्रार सांगायला संकोच करू नका. आज ती ऐकून घेणे स्वस्त आहे. फडात ऊस उभा राहिल्यावर ती आपणा दोघांनाही महाग पडेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी