आरएक्सच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

मंद्रूपहून बोलतोय. आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात बाबांची नाहीतर काकांची आरएक्स १०० अजून उभी आहे आणि सकाळी तिच्याखाली पेट्रोलचा ओला डाग दिसतो.

आपण तिला कौतुकाने 'व्हिंटेज' म्हणतो. कायद्यात तसं नाही बरं का. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणायचं ठरलं. आरएक्स १०० आपल्याकडे आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ मध्ये. म्हणजे शेवटची आरएक्ससुद्धा आता तिशीच्या आसपास. आतलं रबर, पॅकिंग कधी बदललं नसेल, तर त्याचंही वय तेवढंच.

गळती दिसली की बऱ्याचदा सल्ला मिळतो, "कार्बोरेटर गेला, नवीन टाका." थांबा. बहुतेक वेळा दोष एका छोट्या पार्टचा असतो. त्यासाठी चांगला ओरिजिनल कार्बोरेटर काढून डुप्लिकेट बसवला, तर गळती थांबेल, पण मग पिकअप, ॲव्हरेज, ट्यूनिंग अशी नवी डोकेदुखी सुरू होईल.

आत नेमकं काय चालतं?

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की बॉलकॉकचा गोळा वर येतो आणि पाणी बंद होतं. कार्बोरेटरमध्ये सेम सिस्टीम आहे. खालच्या वाटीला बाऊल म्हणतात. त्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठराविक पातळीला आलं की फ्लोट एका टोकदार पिनला वर ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. ही फ्लोट पिन नीट बसली नाही, तर पेट्रोल येतच राहतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली पडतं.

या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली. कॉक चालू राहिला तर गाडी बंद असतानाही पेट्रोलचा दाब पिनवर असतोच. म्हणून रात्रभर गळतं, आणि टाकी फुल असली की जास्त गळतं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. मग सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय सांगायचं! त्यामुळे गळणारी गाडी सोप्यात, चुलीजवळ, गॅसजवळ किंवा देवघराजवळ लावायची नाही. गाडी मोकळ्या जागेत घ्या, इंजिन थंड होऊ द्या, कॉक बंद करा. बिडी-सिगारेटवाल्या मित्राला लांब बसवा.

स्टेप १ : जागा शोधा

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग पुन्हा घडवून बघतो, मगच कोडला हात लावतो. इथेही तेच. गाडी डबल स्टँडवर सरळ लावा. साइड स्टँडवर बाऊल तिरका होतो आणि अंदाज चुकतो. सगळं कोरडं पुसा, कॉक चालू करा आणि पाच मिनिटं नुसतं बघा.

वरच्या पाइपपाशी ओलं दिसलं, तर पाइप किंवा क्लिप खराब. कॉकमधूनच थेंब येत असेल, तर कॉकचं रबर. बाऊलच्या जोडावर ओलं असेल, तर पॅकिंग किंवा ढिले स्क्रू. आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल, तर भानगड आत आहे.

स्टेप २ : हलकेच ठोका

ओव्हरफ्लो असेल, तर पेचकसच्या मुठीने बाऊलवर दोन-चार वेळा हळू ठोका. गळती थांबली? मग पिन अडकली होती, नाहीतर खाली कचरा होता. हा इलाज नाही, हा फक्त पुरावा. बाऊल उघडा. तळाला तांबूस कण दिसले, तर टाकी आतून गंजलीय. टाकी साफ करून फिल्टर बसवला नाही, तर आठवड्यात पुन्हा तेच.

स्टेप ३ : आतले तीन पार्ट तपासा

फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं, तर तो फुटलाय. जड झालेला फ्लोट वर येत नाही, तो बदलायचा.

पिनचं टोक उजेडात बघा. गोल चर पडला असेल, तर पिन बाद. सीट निघत असेल, तर दोन्ही सोबतच बदला.

काही बाऊलमध्ये उभी पितळी नळी असते. तिला बारीक चीर असली, तर पातळी बरोबर असूनही गळतं. बाऊल वेगळा काढून त्यात थोडं पेट्रोल भरा. खालून थेंब पडला, तर चोर सापडला.

सगळं जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने पिन बंद होते. पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकी फुंकर मारा. हवा गेली नाही पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. आणि जोडावर एम-सील फासू नका, पुढच्या वेळी बाऊल उघडणारच नाही.

इथेनॉलचं काय?

२०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आपला जिल्हा उसाचा आणि कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉल आपल्याला नवीन नाही. पण जुन्या गाडीचं रबर त्या पेट्रोलसाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं किंवा कडक होतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, टाकी गंजायला मदतच. म्हणून पाइप, ओरिंग घेताना इथेनॉलला चालणारेच मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बाऊल रिकामा करा.

एवढं जमत नसेल तरी चालेल, मिस्त्रीकडेच जा. फक्त "पेट्रोल गळतंय" एवढंच सांगू नका. "ओव्हरफ्लोमधून येतं, ठोकलं की थांबतं" असं सांगा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे आणि तुमचा ओरिजिनल कार्बोरेटरही.

आणि आज गाडी लावताना कॉक बंद करा. त्याला एक रुपया लागत नाही. भेटू पुढच्या भागात!