पेशी कुणाची, जनुक कुणाचं? अमेरिकेतले तीन निकाल

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स'चा पेपर असतो. बरेच जण तो पास होण्यापुरता वाचतात, मीही तसाच वाचला. पण प्रयोगशाळेत जे हाती लागतं त्यावर हक्क कुणाचा, हे मला नीट कळलं ते अमेरिकेतल्या तीन खटल्यांमुळे. संशोधनात येणाऱ्यांना ते माहीत असायलाच हवेत.

पहिला, डायमंड विरुद्ध चक्रवर्ती (१९८०). मूळचे बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती तेव्हा जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. त्यांनी स्यूडोमोनास जिवाणूत वेगवेगळे प्लास्मिड एकत्र आणले. त्यामुळे तो जिवाणू कच्च्या तेलातले अनेक घटक पचवू शकत होता. पेटंट ऑफिसचं म्हणणं असं, की पद्धतीला पेटंट देऊ, सजीवाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते खोडून काढलं. वस्तू सजीव की निर्जीव हे बघायचं नाही, ती निसर्गाची की माणसाने घडवलेली, एवढंच बघायचं. या निकालाने बायोटेक उद्योगाला मोठंच बळ मिळालं.

दुसरा, मूर विरुद्ध कॅलिफोर्निया विद्यापीठ (१९९०). जॉन मूर ल्युकेमियाचे रुग्ण. उपचार म्हणून त्यांची प्लीहा काढली. पुढे कित्येक वर्षं त्यांना तपासणीसाठी बोलावून रक्त आणि इतर नमुने घेतले गेले. दरम्यान त्यांच्या पेशींपासून सेल लाइन तयार झाली आणि १९८४ मध्ये तिचं पेटंटही निघालं. मूर यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. शरीरातून काढलेल्या त्या पेशींवर मूर यांना मालकी सांगता येणार नाही, पण संशोधनातला आणि पैशातला आपला हितसंबंध डॉक्टरने आधी सांगायलाच हवा होता. हा राज्याच्या न्यायालयाचा निकाल, त्यामुळे तो अख्ख्या अमेरिकेला बांधील नाही. तरी संमतीपत्राच्या चर्चेत तो हमखास येतो.

तिसरा, मिरियड जेनेटिक्सचा (२०१३). स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सांगणारी बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं या कंपनीच्या पेटंटखाली होती, त्यामुळे अमेरिकेत चाचणीवर तिची मक्तेदारी होती. चाचणीचा खर्च ३,००० डॉलरच्या वर. दुसरीकडे खात्री करून घ्यावी, तर ती सोय नाही. न्यायालयाने एकमताने सांगितलं, की जनुक शरीरातून नुसतं वेगळं काढणं म्हणजे नवनिर्मिती नव्हे. प्रयोगशाळेत बनवलेला सीडीएनए मात्र पेटंटला पात्र ठरला. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या जाहीर केल्या.

तिन्ही एकत्र ठेवून बघा. कष्ट किती घेतले, यावर हक्क ठरला नाही. मिरियडच्या शास्त्रज्ञांनी जनुक शोधायला कमी मेहनत घेतली नव्हती. आपण नवं काय घडवलं, यावर तो ठरला. आणि मूर प्रकरणात तर कायद्याने मालकी संशोधकाकडे राहिली, तरी माणसाला अंधारात ठेवायची मुभा मिळाली नाही.

उद्या तुम्ही एखाद्या पेशंटसमोर संमतीपत्र ठेवाल. घाईत 'इथे सही करा' म्हणणं सोपं असतं. त्याआधी दोन मिनिटं थांबा आणि त्या नमुन्याचं पुढे काय होणार, ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा.