तळ्यातली मासळी तळ्यातच राहावी म्हणून



आता पुष्कळांच्या शेतात तळे असते, कोणाच्या परसातही असते. पाणी आहेच, तर त्यात चार मासे सोडू, असा आपला सरळ हिशेब. बोटभर लांबीचे बीज आणून सोडायचे, वर्षभर कोंडा आणि पेंड घालायची, मग जाळे टाकायचे. पण मृगाचा एखादा मोठा पाऊस रात्री पडून जातो आणि सकाळी बघावे तर बांधाबाहेर गवतात मासे पडलेले, वर कावळ्यांची गर्दी. "मासाच तो, उडायचाच," म्हणून आपण गप्प बसतो. परंतु मासा उगाच उडत नाही. कारण कळले की उपायही सापडतो.

पहिले कारण वाहत्या पाण्याचे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला की प्रवाहाच्या उलट चढत जायचे आणि उथळ पाण्यात अंडी घालायची, ही त्यांची रीत. साठलेल्या तळ्यात ते आपण होऊन अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण घडवून आणली, तेव्हा ही अडचण सुटली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. बीज घरी आले खरे, पण माशाच्या अंगची ओढ गेली नाही. तळ्यात नवे पाणी जिथून पडते, किंवा जिथून बाहेर जाते, तिथेच तो झेप घेतो.

दुसरे कारण भीतीचे. चंदेरा मासा १९५९ साली बाहेरून भारतात आला. तो भारी बुजरा. जाळ्याची चाहूल लागली, की पाण्याबाहेर उसळलाच. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात तर यंत्राच्या होडीचा आवाज ऐकून हे मासे माणसांच्या अंगावर येऊन आदळतात.

तिसरी गोष्ट मरळ माशाची. त्याला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची वेगळी सोय असते. ओल्या जमिनीवरून तो अंग वळवीत सरकत जातो. त्याला उडी मारायचीही गरज नाही!

इथे एक सावधगिरी सांगतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हापापताना दिसले, तर ती उडी नव्हे. तो गुदमर आहे. पाण्यातले हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि आभाळ दाटलेले असले तर आणखीच कमी. अशा वेळी पेंड बंद ठेवा आणि पंपाने पाणी वर उडवून पुन्हा तळ्यात पडू द्या. कुंपण कितीही उंच केले तरी हे दुखणे बरे होत नाही.

आता बंदोबस्त बघू. पाणी बांधाच्या माथ्यापासून निदान दीड-दोन फूट खाली ठेवा. पाणी आणणारी नळी वर उचलून धरा, तिच्या तोंडाला जाळी बांधा. सांडव्याला जाळी हवीच, पण ती अरुंद नको. अरुंद जाळीत पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबते, बांधावरून वाहू लागते. मग मासे तर जातातच, बांधही जातो. म्हणून जाळी रुंद आणि तिरपी बसवा, आणि पाऊस चालू असताना ती साफ करीत राहा. जाळीची भोके माशापेक्षा लहान हवीत. बीज लहान असताना बारीक जाळी, पुढे मासा वाढला की मोठ्या भोकांची.

काठाने बांबू रोवून तीन फूट उंचीचे नायलॉनचे जाळे बांधा आणि ते किंचित आत झुकते ठेवा. मरळ असेल तर जाळ्याची खालची कड अर्धा फूट मातीत गाडा. परसातला हौद लहान असेल, तर वरूनच जाळे ताणा. ते सैल पडू देऊ नका. सैल जाळ्यात मासाही अडकतो, खंड्याही. मासे धरताना मागे काठावर दुसरे जाळे उभे धरले, तर उसळलेला चंदेरा तिथेच सापडतो.

याच कुंपणाने आणखी एक काम होते. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याची बाजू निसरडी असते. आत पडलेले पोर आपणहून वर येऊ शकत नाही. तेव्हा कुंपण मजबूत करा, आणि गाठी मारलेला एक दोर खुंटीला बांधून कायम आत सोडून ठेवा.

गुरुजनहो, शाळेजवळ तळे असेल, तर मुलांकडून कुंपणाबाहेर उभे राहून एक वही भरून घ्या. तारीख, वेळ, आभाळ कसे होते, मासे किती उसळले आणि कोणत्या बाजूला. महिनाभरात मुले स्वतःच सांगतील, मासा कशाने उडतो ते.

शेवटी एक मोठी गोष्ट. तळ्यातून सुटलेला मासा ओढ्याला लागतो आणि ओढ्यातून नदीला. आफ्रिकी मांगूर हा असाच खादाड, जमिनीवरून सरकणारा परका मासा. त्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे. स्वस्त मिळाला म्हणून तो आणू नका. रोहू निसटला तर नुकसान तुमचे एकट्याचे. परका मासा नदीत शिरला, तर सगळ्या गावाच्या मासळीचे.

तर मंडळी, मृगाआधी एक दिवस काढा आणि बांधावरून एक फेरी मारून या. कुठे जाळी फाटली आहे, कुठे बांध खचला आहे, ते उजेडीच दिसेल.