पंधरा दिवसांचे गवंडी

मिशनरी हा शब्द कानीं पडतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा आयुष्यभराच्या प्रवासाचें असतें. स्वदेश सोडावा, परकी भाषा शिकावी, शाळा अगर दवाखाना काढावा आणि पुष्कळदां तेथल्याच मातीस देह द्यावा, असा तो जुना क्रम होता. गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्या शेजारीं एक निराळाच प्रकार वाढीस लागला आहे. पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः अमेरिकेंतील, एखाद्या मंडळीचे दहा-वीस सभासद सुटी काढून एक-दोन आठवड्यांसाठीं परदेशीं जातात. सकाळीं घर, शाळा किंवा उपासनामंदिर बांधतात, दुपारीं मुलांस पवित्र शास्त्रांतील गोष्टी सांगतात, सायंकाळीं उपासनेंत भाग घेतात आणि परत फिरतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनो यांनीं इ. स. २००५ च्या पाहणीवरून असा अंदाज केला कीं, एकट्या अमेरिकेंतून वर्षाकाठीं सुमारें १६ लाख माणसें अशा सेवायात्रांस जातात. एवढीं माणसें समुद्रापार जाऊन भिंती रचतात, तर त्यांत कोणाचें काय हित होतें, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि तो विचारण्यांत भक्तीचा अनादर होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रश्न नीट समजण्यासाठीं मध्य अमेरिकेंतील होंडुरास या लहानशा देशाकडे जाऊं. इ. स. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नांवाचें चक्रीवादळ त्यावर आलें. किनाऱ्यास लागेपर्यंत त्याचा वारा मंदावला होता. पण तें पुढें सरकेना, आणि दिवसामागून दिवस पाऊस कोसळत राहिला. डोंगर खचले, नद्यांनीं पात्रें बदललीं, सुमारें सात हजार माणसें प्राणांस मुकलीं आणि हजारों घरें नाहींशीं झालीं. चोलुतेका शहरीं जपानच्या साहाय्यानें नुकताच बांधलेला एक भक्कम पूल होता. पूर ओसरल्यावर लोक पाहतात तों पूल जागच्या जागीं उभा, परंतु त्याखालची नदी बाजूस सरकलेली आणि दोन्ही टोकांकडचे रस्ते वाहून गेलेले! त्या पुलाचें चित्र पुढें देशोदेशीं छापलें गेलें. आमच्या विषयाशीं तें अगदींच असंबद्ध नाहीं.

वादळाची बातमी पसरतांच उत्तर अमेरिकेंतील मंडळ्यांतून पैसा आला, कपडे आले, औषधें आलीं, आणि त्यांच्या पाठोपाठ घरें बांधण्यास माणसें आलीं.

अशा एखाद्या तुकडीची तयारी महिनेन् महिने आधीं सुरू होते. नातलगांस व शेजाऱ्यांस पत्रें लिहून वर्गणी मागावयाची, तरुण मुलांनीं केक विकावयाचे, लोकांच्या मोटारी धुवावयाच्या, असें करून प्रवासखर्च उभा राहतो. मग लसी टोंचून, हातमोजे व हातोडे घेऊन मंडळी विमानांत बसतात. त्यांत वकील असतो, शिक्षिका असते, विमा उतरविणारा असतो. गवंडी क्वचितच असतो. बांधावयाचें घर म्हणजे सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रे आणि आंत दोनतीन खोल्या. कामाचा खरा मालक तेथला स्थानिक गवंडी. त्याची भाषा स्पॅनिश, पाहुण्यांची इंग्रजी, मध्यें एक दुभाषी, आणि दुभाषी जवळ नसेल तेव्हां हातवारे.

आतां पाहुण्यांच्या वांट्यास कोणतें काम येतें, तें पाहा. वाळू चाळणें, फावड्यानें जमिनीवर सिमेंट कालविणें, रांगेनें उभें राहून घमेलीं पुढें देणें, सळ्या वांकविणें, त्यांस तारेनें कड्या बांधणें, ठोकळे हाताशीं आणून ठेवणें. ठोकळा बसविणें मात्र गवंड्याकडेच राहतें, आणि तें योग्यच आहे. दोरी ताणून थर सरळ धरावयाचा, ओळंबा सोडून भिंत उभी आहे ना हें पाहावयाचें, खालच्या थरांतील सांध्यावर वरच्या ठोकळ्याचा मध्य येईल असें जमवावयाचें, ही विद्या आठ दिवसांत हातीं येत नाहीं. ज्यांच्या घरीं गवंडीकाम चालतें, त्या आमच्या विद्यार्थ्यांस हें सांगावयास नकोच. आणखी एक गोष्टही त्यांस ठाऊक असेल. सिमेंटच्या कामावर पुढें कित्येक दिवस पाणी मारावें लागतें, आणि काँक्रीटला आपलें बळ यावयास सुमारें २८ दिवस लागतात. म्हणजे पाहुणे निरोपाचीं भाषणें करून, गळ्यांत गळे घालून, डोळे पुशीत विमानांत बसतात, तेव्हां त्यांनीं कालविलेलें काँक्रीट अजून कच्चेंच असतें. त्यावर पाणी मारणारा हात दुसऱ्याचा.

दुपारच्या वर्गाचेंही असेंच. गोष्ट एकेका वाक्यानें दुभाष्याच्या तोंडून पुढें सरकते, त्यामुळें तिचा रस अर्धा आटतो. गीतें बरीं चालतात, कारण सुरास दुभाषी लागत नाहीं. आणि चेंडू सर्वांहून बरा चालतो. ह्या वर्गांतून कोणा मुलाच्या मनांत कांहीं रुजलेंच, तर त्याची निगा तेथील पाळकानेंच पुढें घ्यावयाची असते.

ह्या सर्व खटपटीचा हिशेब एका गृहस्थांनीं मांडला. त्यांचें नांव कर्ट व्हर बीक. ते त्या वेळीं अमेरिकेंतील कॅल्व्हिन कॉलेजचे समाजशास्त्राचे अध्यापक होते, स्वतः ख्रिस्ती होते, व होंडुरासांत त्यांचें दीर्घकाळ वास्तव्य होतें. तेव्हां ही टीका बाहेरच्याची नव्हे. परदेशी तुकड्यांनीं ज्यांचीं घरें बांधलीं तीं कुटुंबें, स्थानिक लोकांनीं ज्यांचीं बांधलीं तीं कुटुंबें, आणि स्वतः जाऊन आलेले प्रवासी, या सर्वांस त्यांनीं प्रश्न विचारले. त्यांचा लेख इ. स. २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील मुख्य आंकडा असा : एका परदेशी तुकडीचा प्रवासासह खर्च सरासरी ३०,००० डॉलर, आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थेस एक घर बांधण्यास लागणारा खर्च सुमारें २,००० डॉलर. हा भागाकार मुलांनीं स्वतः करून पाहावा.

याशिवाय त्यांस असें आढळलें कीं, घर कोणीं बांधलें यावरून कुटुंबांच्या पुढील आयुष्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. ज्यांस परदेशी मंडळींनीं घर दिलें तीं कुटुंबें अधिक सुखी झालीं नाहींत कीं अधिक भाविकही झालीं नाहींत. प्रवाशांविषयींचा निष्कर्ष तर अधिकच विचार करावयास लावणारा आहे. परतल्यावर आपण अधिक प्रार्थना करतों, अधिक दान देतों, असें पुष्कळांनीं कळविलें. परंतु दानाच्या वह्या तपासतां त्यांच्या शब्दांएवढी वाढ वहींत दिसेना. ते खोटें बोलले असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें मनास हेलावून सोडलें त्यानें आपलें आचरणही बदललें असावें, असें माणसास सहजच वाटतें.

येथें कोणी म्हणेल, तो पैसा प्रवासासाठीं म्हणूनच गोळा झाला. प्रवास नसता तर तो मिळालाच नसता. आक्षेप खरा आहे. पंधरा घरांचा पैसा पंधरा घरांसाठीं म्हणून मागितला असता, तर शेजाऱ्यांनीं तो दिला असता कीं नाहीं, याची शंकाच आहे. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुरानें ज्याचें घर नेलें व रोजगारही नेला, असा एखादा गवंडी रस्त्यापलीकडे बसून परदेशी वकिलास फुकट वाळू चाळतांना पाहत असेल, तर त्याच्या मनांत काय येत असेल? दानानें एखाद्याची मजुरी बुडूं नये, एवढें पाहणें दात्याचें कर्तव्य आहे.

एका अमेरिकन शाळेच्या मुली टांझानियांत ग्रंथालय बांधावयास गेल्या होत्या, त्यांची हकीकत त्यांच्यापैकींच एकीनें मोठेपणीं लिहून इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध केली. दिवसभर मुलींनीं विटा रचाव्या, आणि रात्रीं गांवच्या माणसांनीं त्या वांकड्या भिंती उतरवून पुन्हां नीट रचाव्या, मुलींस कळूं न देतां! पाहुण्यांचें मन राखण्याची ही सभ्यता आमच्या लोकांसही परकी नाहीं. तथापि तिची किंमत त्या गांवकऱ्यांनीं आपल्या झोपेनें भरली.

मग परक्यानें बांधकामास हात लावूंच नये कीं काय? पवित्र शास्त्रांत याचें एक उदाहरण आहे, त्याकडे सेवायात्रेचे पुरस्कर्ते मोठ्या आवडीनें बोट दाखवितात. नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार शूशनहून यरुशलेमेस आला आणि ५२ दिवसांत शहराचा कोट उभा राहिला. पण ग्रंथाचा तिसरा अध्याय नुसत्या नांवांची यादी म्हणून गाळूं नये. नहेम्यानें शूशनहून मजूर आणले नाहींत. त्यानें राजाकडून लांकडांसाठीं पत्र आणलें, रात्रीं फिरून पडलेला कोट पाहिला, आणि मग यरुशलेमचे सोनार, गंधी, व्यापारी व याजक यांस कामास लावलें. कित्येकांच्या वांट्यास तर आपल्याच घरासमोरील भाग आला. शिवाय तो ५२ दिवसांनीं परतला नाहीं. बारा वर्षें तेथें अधिकारी राहिला. पौलानें करिंथांत तंबू शिवण्याचा धंदा केला, तोही दीड वर्ष तेथें राहून.

आपल्या महाराष्ट्रानेंही अशी एक सेवायात्रा पाहिली आहे. मिलर्ड व लिंडा फुलर या ख्रिस्ती दांपत्यानें इ. स. १९७६ मध्यें अमेरिकेंत हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था काढली. घर फुकट द्यावयाचें नाहीं. कुटुंबानें स्वतः अंगमेहनत करावी व किंमत हप्त्यांनीं फेडावी, हा तिचा मूळ नियम. घर देतांना कोणाचा धर्म विचारला जात नाहीं. इ. स. २००६ मध्यें अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर व त्यांच्या पत्नी रोझलिन हीं दोघें या संस्थेच्या कामासाठीं लोणावळ्याजवळ मळवली येथें आलीं आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांसह आठवडाभर राबलीं. योजना शंभर घरांची होती. कार्टर तेव्हां ८२ वर्षांचे होते, आणि सुतारकाम हा त्यांचा जुना छंद. हातोडा कसा धरावा हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

त्यांच्या आधीं चाळीस वर्षें त्यांची आई लिलियन कार्टर मुंबईजवळ विक्रोळीस आली होती. ती पाठविली सरकारच्या पीस कोअरनें, मंडळीनें नव्हे. पेशा परिचारिकेचा, आणि वय ६८. निघण्यापूर्वीं तिनें मराठीचे धडे घेतले होते. इ. स. १९६६ पासून १९६८ पर्यंत सुमारें दोन वर्षें तिनें विक्रोळीस रुग्णसेवा केली.